दहा साखळ्या

साखरखेर्डा, जि. बुलढाणा
१२ ऑक्टोबर १९७४

श्री. शालिग्राम यांस,

गेल्या वर्षी आमच्या काकांच्या गीताचं स्थळ तुम्ही नाकारलंत ते उघड्या पोस्टकार्डावर. ते कार्ड घरी पोचायच्या आधी पोस्टमनने, पिठाच्या गिरणीवरच्या बायांनी आणि निम्म्या बाजाराने वाचलं होतं. तुम्हाला पुन्हा पत्र लिहायचं नाही, असं त्या दिवशी ठरवलं होतं. आज काम पडलं म्हणून लिहितो आहे. पाकिटात घालून पाठवतो आहे, कारण आमच्याकडे तशी रीत आहे.

यंदा गावातल्या नऊ जणांनी बियाणे संघासाठी हायब्रीड ज्वारीचे प्लॉट घेतले. मी पुढाकार घेतला आणि बाकीचे आठ माझ्या शब्दावर आले. अशा प्लॉटच्या भोवती दोनशे मीटरपर्यंत दुसरी ज्वारी चालत नाही. वाऱ्याने परक्या फुलोऱ्याचा पराग येऊन पडला तर बियाणं वाया जातं. म्हणून शेजाऱ्यांच्या हातापाया पडून त्यांना तेवढी पट्टी ज्वारीविना ठेवायला लावली. माझे शेजारी भगवंतराव. त्यांनी पट्टीत मूग पेरला. त्यांच्या बैलांना वर्षभराचा कडबा त्याच पट्टीतून मिळायचा. हायब्रीडचा कडबा त्यांचे बैल हुंगूनसुद्धा पाहत नाहीत. तरी त्यांनी माझं ऐकलं. मी त्यांना सांगितलं होतं की नियमापेक्षा एक हातसुद्धा जास्त जमीन अडवणार नाही. वीस मीटरची साखळी आणली आणि प्रत्येक प्लॉटपासून दहा साखळ्या मोजून दगड रोवले.

काल संघाच्या खामगाव कार्यालयाकडून नऊही जणांना कागद आला. 'विलगीकरण अंतर अपुरे. प्लॉट नापास.' निरीक्षक स्वतः साखळी धरून उभा होता, त्याने दोनशे लिहून घेतलेले मी डोळ्यांनी पाहिले. खामगावला विचारलं तर तिथले साहेब म्हणाले, आम्ही काही ठरवत नाही, निकाल मुंबईहून यंत्रातून येतो.

तुमची ताई रुख्मिणी म्हणते, ते यंत्र तुमच्या संगणक केंद्रातलं आहे आणि त्याला काय करायचं ते सांगणारे तुम्हीच. तसं असेल तर एवढं सांगा, माझं अंतर कुठे कमी पडलं?

अर्जुन नारायण

---

मुंबई
१९ ऑक्टोबर १९७४

आदरणीय भाऊजी,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पोस्टकार्डाबद्दल मी ताईची माफी मागितली आहे, तुमची मागण्याचं कारण मला दिसत नाही. लग्न माझं होतं आणि मुलगी पाहायला बोलावण्याआधी सुपारीची तारीख तुम्ही ठरवली होती.

आता कामाचं. संघाचे नियम दर हंगामाला बदलतात, म्हणून ते प्रोग्राममध्ये लिहिलेले नाहीत. ते वेगळ्या कार्डांवर भोकं पाडून येतात. एका कार्डावर एक साधी तुलना. उदाहरणार्थ, तुमच्या नियमाचं कार्ड असं आहे: अंतर >= २००. आधी नाव, मग चिन्ह, मग आकडा. नुसतं > म्हणजे त्याहून जास्त, आणि >= म्हणजे तेवढं किंवा त्याहून जास्त. यंत्राला हे वाचता यावं म्हणून मी एक साचा लिहिला आहे: एक किंवा अधिक अक्षरं, त्यानंतर तुलनेचं एक चिन्ह, त्यानंतर एक किंवा अधिक अंक. इंग्रजीत याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. मजकूर साच्यात बसला की यंत्र त्याचे तीन तुकडे करतं आणि शेतकऱ्याच्या कार्डाशी ताडून पाहतं. आपल्या देशात हे काम करणारे फार लोक नाहीत. गावाकडे मी कागदाला भोकं पाडतो अशी थट्टा होते, हे माझ्या कानावर आलं आहे. ती कोण करतं हेही कळलं आहे.

तुमचा निकाल अंतरावर गेला असेल तर अंतर कमी असणार. साखळी ढिली धरली, चढउतार धरला नाही, शेजाऱ्याने दगड सरकवला, काहीही झालं असेल. यंत्राला तुम्ही कोण आणि तुमचा गावात शब्द किती चालतो हे माहीत नसतं. तो त्याचा फायदाच आहे.

पिंपळगावला आईला भेटायला ताईला पाठवावं. आई तिकडे एकटी आहे, हे तुम्हाला सांगावं लागू नये.

शालिग्राम

---

साखरखेर्डा
२५ ऑक्टोबर १९७४

श्री. शालिग्राम,

तुमच्या आईकडे रुख्मिणी गेल्याच महिन्यात आठ दिवस राहून आली. त्यांनी विचारलं, मुलगा कधी येतो. रुख्मिणीने काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. साच्याचं जेवढं कळायचं तेवढं कळलं. जे कळलं नाही ते हे, की तुम्हीच लिहिता नियमात दोनशे किंवा जास्त. निरीक्षकाने लिहिलं दोनशे. मग अपुरं कसं? साखळी ढिली होती असं मुंबईत बसून तुम्ही कसं सांगता? साखळी एका टोकाला निरीक्षकाने आणि दुसऱ्या टोकाला आमच्या नऊ जणांतल्या गुलाबरावांनी ओढली होती. गुलाबराव कुस्ती खेळलेला माणूस आहे.

इकडे काय चाललं आहे ते ऐका. ज्यांच्यावर बियाणं धरतं त्या मादी ओळींची कणसं तोडून आम्ही वेगळी खळ्यावर ठेवली आहेत. संघाचा ट्रक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतो. तोवर निकाल बदलला नाही तर हे बियाणं बाजारात साधी ज्वारी म्हणून जाईल आणि पुढच्या वर्षी गावात कोणी प्लॉटचं नाव काढणार नाही. माझं नाव काढतील, पण वेगळ्या कारणासाठी.

भगवंतराव परवा घरी आले. चहा घेतला नाही. ओट्यावर उभ्या उभ्याच बोलले.

"अर्जुनराव, मूग त गेला पावसात. कडबा तुमच्या शब्दात गेला. आता बैलाईले काय तुमचा शब्द टाकू?"

मी संघाचा कागद त्यांच्यापुढे धरला.

मला आता असं वाटतं आहे की गीताच्या प्रकरणात मी तुमच्या दारात शब्द टाकला, तो तुम्ही मोडलात, आणि तेवढ्यावर मन भरलं नाही. भरलं नसेल तर सरळ सांगा. आठ घरांना त्यात ओढू नका.

तुमच्या यंत्रालाच विचारा की दोनशे हे दोनशेपेक्षा कमी कसे.

अर्जुन नारायण

---

मुंबई
१० नोव्हेंबर १९७४

आदरणीय भाऊजी,
सा. न. वि. वि.

उशीर झाला. कामात होतो.

तुम्ही असं करा. खामगावला अर्ज देऊन फेरमोजणी मागा. निरीक्षक येईल. अंतर थोडं जास्त भरेल असं पाहा. दोनशे पाच, दोनशे दहा, काहीही चालेल, फक्त दोनशे नको. एखादा दगड चार पावलं मागे घ्यायला शेजारी आता नाही म्हणणार नाही, शेतात तसंही काही उभं नाही. कार्ड नवीन आलं की निकाल आपोआप बदलेल.

कारण विचारू नका. हे पत्र कोणाला दाखवू नका.

तुमच्या मनात माझ्याबद्दल जे आहे ते असू द्या. मी कोणावर सूड उगवत नाही, मला तेवढा वेळ नाही.

शालिग्राम

---

साखरखेर्डा
१६ नोव्हेंबर १९७४

श्री. शालिग्राम,

दिवाळी झाली. तुमची भाऊबीज मनिऑर्डरने आली. ती रुख्मिणीने ठेवून घेतली, मी परत पाठवणार होतो.

तुम्ही मला दगड सरकवायला सांगता. जो दगड सरकवला असेल असा संशय तुम्ही पहिल्या पत्रात घेतलात, तोच. म्हणजे आधी मी चोर नव्हतो, आता व्हायचं. निरीक्षक आला आणि त्याच्या जुन्या टिपणात दोनशे आणि नव्यात दोनशे दहा निघाले, तर कोण अडकेल? मी आणि तो. तुम्ही मुंबईत साचे लिहीत बसाल.

शिवाय मी भगवंतरावांना सांगितलं आहे की नियमापेक्षा एक हातही जास्त घेणार नाही. शेतात आता काही उभं नाही हे खरं. पण शब्द पिकासारखा कापून खळ्यावर नेता येत नाही.

कोणाला दाखवू नका म्हणालात, म्हणून दाखवलं. आठही जणांना बोलावून मारुतीच्या पारावर वाचून दाखवलं. नाव वाचलं नाही, पण पत्र मुंबईहून आलं हे सगळ्यांना माहीत आहे. तुळशीराम म्हणाला, ज्याला दोनशे पाच चालतात त्याला दोनशे का चालू नयेत, यात काहीतरी पाणी मुरतंय. तिघांनी तिथेच ठरवलं की सोमवारी कणसं मळून ज्वारी बाजारात न्यायची. मी त्यांना ट्रकच्या तारखेपर्यंत थांबवलं आहे. त्यापुढे ते थांबणार नाहीत.

अर्जुन नारायण

---

साखरखेर्डा
१७ नोव्हेंबर

चि. शालिक यास ताईचा आशीर्वाद.

हे पत्र मी याईले न सांगता लिहून राह्यली. शेजारच्या गोजरबाईच्या पोराच्या हातानं मेहकरच्या डब्यात टाकते, इथल्या पोस्टात नाही.

तू लहानपणी खोटं बोलला का असाच कमी बोलत जाय. आंब्याच्या कोयीवरून बाबांनी विचारलं तवाही तू म्हणला होता, कारण विचारू नका. मले तवाच समजलं होतं आणि आताही समजलं. माया घरधन्याले समजत नाही, कारण त्याईले तू दुश्मन दिसते.

दोनशे नको आणि दोनशे पाच चालते. म्हणजे तुले ठाव हाय काय झालं ते. मंग सांगत काऊन नाही? तुया मशीनीत काही बिघडलं असन त सांग. माणसाच्या हातून होते. पण इथं लोकं माया नवऱ्याच्या तोंडावर बोलून राह्यले. ते जेवायला बसतात अन् ताटावरून उठतात. मी त्याईची बाजू घेऊ का तुयी, हे मले विचारू नको. दोघंही सारखेच हट्टी.

ट्रक यायच्या आधी जे करायचं ते कर. अन् पत्र त्याईलेच लिही, मले नको. मी मधात पडणार नाही.

मनिऑर्डर मिळाली. त्यापेक्षा तू आला असता त बरं झालं असतं.

तुयी ताई
रुख्मिणी

---

मुंबई
२४ नोव्हेंबर १९७४

आदरणीय भाऊजी,
सा. न. वि. वि.

तुम्हाला कारण हवं होतं. घ्या.

चूक माझी आहे. साच्यात चिन्हांची यादी लिहिताना मी > आधी लिहिलं आणि >= नंतर. यंत्र डावीकडून वाचतं आणि यादीत पहिलं जे जुळेल ते उचलतं. तेवढ्याने बिघडलं नसतं, कारण > उचलल्यावर पुढे आकडा यायला हवा, तिथे = दिसलं की यंत्र मागे फिरून दुसरं चिन्ह लावून पाहतं. पण कार्डांवर भोकं पाडणाऱ्या मुली चिन्ह आणि आकडा यांच्यामध्ये कधी रिकामी जागा सोडतात, कधी चुकून टिंब पाडतात. अशी कार्डं अडकायला लागली. वरून घाई होती. मी साच्यात एक सवलत घातली, की चिन्हानंतर आकडा येईपर्यंत मध्ये काहीही असलं तरी ते कचरा समजून सोडून दे. मग यंत्राने > उचललं, = कचऱ्यात टाकलं आणि २०० वाचलं. तुमचा नियम 'दोनशे किंवा जास्त' असा होता, तो 'दोनशेहून जास्त' झाला.

तुमच्या दुसऱ्या पत्रानंतर मी दोन खोटी कार्डं घालून पाहिली. दोनशे एक पास, दोनशे नापास. तेव्हाच कळलं.

सगळ्या जिल्ह्यांतल्या प्लॉटमध्ये हे कुणालाच का दिसलं नाही, तेही सांगतो. बाकीचे लोक अदमासे जागा सोडतात. कोणाचे दोनशे पंधरा, कोणाचे अडीचशे, आणि ज्यांचे कमी त्यांचे खरंच कमी. बरोबर रेघेवर कोणी नव्हतं. अख्ख्या गावाने दहा साखळ्या टाकून नेमक्या दोनशेवर दगड रोवायचे, ही कंजुषी फक्त साखरखेर्ड्यात झाली. तुमच्या हट्टाने माझी चूक उघडी पाडली, याबद्दल आभार मानावेत असं तुम्हाला वाटत असेल. मी मानत नाही.

साचा दुरुस्त केला आहे. मोठी चिन्हं आधी, आणि मधल्या कचऱ्यात फक्त रिकामी जागा आणि टिंब. सगळी कार्डं पुन्हा चालवली. तुमचे नऊही प्लॉट पास आहेत. निकाल ट्रकच्या आधी खामगावला पोचेल.

आता माझी मागणी. केंद्रात हे कोणाला माहीत नाही. निकालावर 'फेरतपासणीअंती पात्र' एवढंच छापलं जाईल. मी इथे कायम झालेलो नाही, मार्चमध्ये व्हायचं आहे. हे बाहेर पडलं तर होणार नाही. तुम्ही हेही पत्र पारावर वाचून दाखवलंत तर मी तुम्हाला अडवू शकत नाही. ताईला विचारून काय ते करा.

शालिग्राम

---

साखरखेर्डा
१२ डिसेंबर १९७४

श्री. शालिग्राम,

कागद आले, ट्रक आला, बियाणं गेलं. हे तुमचं काम झालं. आता माझं काय झालं ते वाचा.

'फेरतपासणीअंती पात्र' असा कागद नऊ घरी आला. गावात सगळ्यांना माहीत आहे की तपासायला कोणी फिरकलं नाही. कोणी साखळी आणली नाही, कोणी बांधावर उभं राहिलं नाही. मग तपासणी झाली कुठे? गुलाबरावांनी कागद मोठ्याने वाचला, घडी घातली आणि माझ्याकडे पाहून हसले. त्या हसण्याचा अर्थ मला भगवंतरावांनी सांगितला. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"साळा असावा त असा. आम्हाले उगाच साखळ्या ओढायला लावल्या तुम्ही."

तुमचं पत्र त्या वेळी माझ्या बंडीच्या खिशात होतं. मी खिशात हात घातला. रुख्मिणी दारात उभी होती. तिला ते पत्र मी आदल्या दिवशी वाचून दाखवलं होतं. ती एवढंच म्हणाली, "त्याची नोकरी जाईन." मी हात बाहेर काढला. हे तुमच्यासाठी केलं असं समजू नका.

महिनाभरापूर्वी गाव मला लबाड म्हणत होतं, कारण माझं मोजमाप खरं असून नापास झालं. आता ते मला वजनदार म्हणतं, कारण मी ओळखीने पास करून आणलं. खरं मोजलं होतं, असं आता कोणालाच वाटत नाही. मी सांगितलं तर लोक मान डोलावतात, जशी सरपंचाच्या भाषणाला डोलावतात.

तुळशीराम मुलाला घेऊन आला होता. मुलगा मॅट्रिकला आहे. निकाल यंत्रातूनच निघतो असं त्याला कोणी सांगितलं आहे. तुमचा पत्ता मागत होता. मी दिला नाही. त्याने तो पोस्टमनकडून मिळवला असेल तर मला दोष देऊ नका.

अर्जुन नारायण

---

मुंबई
३ जानेवारी १९७५

आदरणीय भाऊजी,

तुमच्या गावाहून मला तीन पत्रं आली. एक मॅट्रिकच्या मुलाचं, एक विहिरीच्या मंजुरीचं, आणि एकात कोणा भगवंतरावांनी विचारलं आहे की पुढच्या वर्षी त्यांनीही प्लॉट घेतला तर 'तेवढी मदत' होईल का. पत्रं केंद्राच्या पत्त्यावर आली. इथे टपाल आधी वरिष्ठांच्या टेबलावर जातं.

वरिष्ठांनी मला आत बोलावलं. साखरखेर्ड्याचे नऊ प्लॉट आधी नापास आणि मग पास कसे झाले ते त्यांनी काढून ठेवलं होतं. विचारलं, या गावात तुमचं कोण आहे?

मी सांगितलं, कोणी नाही.

नंतर त्यांनी दुरुस्तीचं कारण विचारलं. ते मी सांगितलं, सगळं. त्यांनी विश्वास ठेवला असं वाटत नाही. मार्चचं आता सप्टेंबरवर गेलं आहे आणि संघाचं काम करताना शेजारी एक माणूस बसवला आहे. तुम्हाला समाधान वाटेल.

यापुढे कोणाला पत्ता देऊ नका. तुम्हीही लिहिलं नाही तरी चालेल.

शालिग्राम

---

साखरखेर्डा
२८ जुलै १९७५

श्री. शालिग्राम,

लिहू नका म्हणालात, म्हणून सहा महिने लिहिलं नाही. शेवटच्या पत्रातली एक ओळ मी रुख्मिणीला वाचून दाखवली नाही. कुठली ते तुम्हाला कळेल. तिने विचारलं, शालिक काय म्हणतो? मी म्हणालो, बरा आहे.

यंदा प्लॉट घ्यायला गावात एकवीस जण पुढे आले. गेल्या वर्षी नऊ जण गोळा करायला मला दोन महिने दारोदार फिरावं लागलं होतं. या वेळी मी कोणाच्याही दारात गेलो नाही, तेच माझ्याकडे आले. साखळी मात्र कोणी मागायला आलं नाही. ती माझ्या गोठ्यात खुंटीला तशीच टांगलेली आहे.

पेरणी झाल्यावर मी माझ्या बांधावर गेलो, तर भगवंतरावांच्या पट्टीत गावरान ज्वारी उगवून आलेली. मी एकट्याने साखळी टाकली. सहा भरल्या. त्यांना जाऊन म्हणालो की बियाणं बिघडेल. ते खाटेवर बसून होते, उठलेसुद्धा नाहीत.

"बैलाईले कडबा लागते ना, अर्जुनराव. अन् तुमाले मोजून करायचं काय हाय? वरून पासच होते तुमचं."

मी त्यांच्याशी भांडलो नाही. गेल्या वर्षी दहा साखळ्यांपुढे एक हात घेणार नाही म्हणालो होतो, तेव्हा त्यांनी माझा शब्द ऐकला होता. तो शब्द आता त्यांच्या लेखी फुकट गेला, कारण त्याहून मोठी गोष्ट मला मिळाली आहे असं त्यांना वाटतं. ज्या माणसाचं मुंबईत वजन आहे, त्याला शब्दाची काय गरज.

निरीक्षक आला तेव्हा बरोबर गुलाबराव होते. त्यांनी परस्पर सांगितलं, दोनशे लिहा. निरीक्षकही लिहायला लागला. वर ओळख आहे हे त्याच्याही कानावर गेलं असावं. मी त्याचा हात धरला. गोठ्यातून साखळी आणली, एक टोक त्याच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन मीच चालत गेलो. एकशे वीस. ते त्याच्याकडून लिहून घेतलं आणि खाली सही केली. गुलाबराव म्हणाले, उभं पीक काऊन मारून राह्यले. बाकीच्या वीस जणांची अंतरं किती भरली ते मी पाहिलं नाही, आणि पाहायला मला कोणी बोलावलंही नाही.

तर माझं कार्ड तुमच्याकडे येईल. नाव अर्जुन नारायण, अंतर एकशे वीस. तुमच्या साच्यात चिन्ह कुठलंही उचललं गेलं तरी ते दोनशेला पुरत नाही. रुख्मिणी रडली, मग म्हणाली, शालिकला सांगा काहीतरी. म्हणून सांगतो आहे. त्या कार्डाला हात लावू नका. फेरतपासणी नको, दुरुस्ती नको, आणि ताईच्या आठवणीने दयाही नको. शेजारी बसवलेल्या माणसाला ते नीट पाहू द्या.

नापासचा कागद आला की मी तो पारावर नेणार आहे आणि भगवंतरावांच्या हातात देऊन त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घेणार आहे. माझं पीक त्यात जाईल. पण या गावाने एकदा तरी पाहिलं पाहिजे की माझं कमी भरलं तर मीही नापास होतो.

अर्जुन नारायण